सहाव्या वर्षी येणारी दाढ डागाळलेली आणि ठिसूळ असेल तर

वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी एकही दात पडत नसल्याने पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि पहिली दोन-तीन वर्षे हातची जातात. तिच्यावर ठळक कडांचा पांढरा, पिवळा किंवा तपकिरी डाग असेल, तर ती कीडच असेल असे नाही. या दाढेचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडते. त्या काळात बिघाड झाल्यास त्याची जाडी पुरेशी राहते, पण खनिजे कमी पडतात आणि चावण्याच्या दाबाने टवके उडू लागतात. तेव्हा चॉकलेटवरून मुलाला बोल लावू नये. चंद्रपूर-यवतमाळकडील फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे पडणारे, डाग निराळे: ते पुसट कडांचे असून दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच दिसतात.

अशा दाढेला गार पाणी लागले की कळ येते, म्हणून मूल ती बाजू घासतच नाही. शिवाय उगवती दाढ शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्याने ब्रश तिच्यावरून निसटतो. मऊ ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून पालकांनी स्वतः घासावे, चूळ कोमट पाण्याची द्यावी आणि सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

दंतवैद्याकडे दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्यावे. दाढ अर्धवट आलेली असताना ती कोरडी राहत नाही, म्हणून तूर्त ग्लास आयनोमर या ओलसर दातावरही चिकटणाऱ्या सिमेंटचा थर देतात. बराच भाग तुटला असेल, तर पुन्हा पुन्हा निघणाऱ्या सिमेंटपेक्षा स्टीलची कॅप बरी. या दाढा भूल देऊनही बरेचदा नीट बधिर होत नाहीत, त्यामुळे ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाला नाटकी ठरवू नये.

दाढ वाचण्यासारखी नसेल, तर ती आठ ते दहा या वयात काढल्यास मागून येणारी दुसरी कायमची दाढ बहुधा सरकून जागा भरते. हा निर्णय एक्स-रे पाहून आणि दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा. असेच डाग पुढच्या दातांवर असतील, तर त्यांत रेझिन (पातळ राळेसारखे द्रव्य) झिरपवणे किंवा कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण) पुरते; दात कोरून बसवायची व्हेनिअर्स (दातावरची पातळ आवरणे) मोठेपणापर्यंत टाळावीत.