एसएसडीचा खरा वेग कसा मोजायचा
बेळगाव-निपाणीकडच्या दुकानात बिलिंगच्या पीसीला नवी एसएसडी बसवली, की पहिल्या मिनिटाच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा रॅमचा नाहीतर एसएलसी कॅशचा (डिस्कमधल्या छोट्या, वेगवान तात्पुरत्या जागेचा) असतो.

एफआयओ (fio) या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘डायरेक्ट=१’ (direct=1) ठेवा, म्हणजे रॅमची कॅश टाळली जाते. रॅम ८ जीबी असेल तर चाचणीची फाइल १६ जीबीची घ्या. डिस्क आधी निम्म्याहून जास्त भरा, मग सलग १० मिनिटं लिहू द्या. कॅश संपली की स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट साठवणारी) डिस्क सेकंदाला ५०० एमबीवरून थेट १०० च्या खाली येऊ शकते.

बिलिंगसाठी मात्र ४ केबी रँडम (विखुरलेले छोटे तुकडे), क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच विनंती), ‘एफसिंक=१’ (fsync=1, प्रत्येक वेळी लिहिलेलं डिस्कवर पक्कं करणं) हेच बघा. सरासरी फसवी, ९९ टक्के विनंत्या किती वेळात उरकल्या ते वाचा. आणि हो, लिहिण्याच्या चाचणीत फाइलऐवजी थेट डिस्कचं नाव दिलंत तर तिच्यावरचा डेटा पुसला जाईल!