मुंबईहून पाड्यावर कामाला जाणाऱ्यांसाठी

समाजकार्य किंवा नर्सिंग शिकणारी मुलं-मुली विचारतात, गावातल्या बायकांच्या आरोग्यावर काम करायचं तर मुंबई सोडावी लागेल का? सोडू नका, पण पाड्यावर मुक्कामाची तयारी ठेवा. पालघरला लोकलमधून उतरून जव्हार-मोखाड्याकडची एसटी पकडली, की पोचेपर्यंत दुपार होते. बायका तेव्हा शेतावर नाहीतर लाकडाला गेलेल्या असतात. त्या भेटतात चुली पेटल्यावर, आणि त्या वेळी परतीची गाडी नसते.

पहिली ओळख आशाताईंशी, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीशी, करून घ्या. त्या गावातच राहतात, कुठल्या घरात कितवा महिना चालू आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यासोबत घरोघरी हिंडा आणि सुरुवातीला फक्त ऐका. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या फारच थोड्या जणींची आधी कधी तपासणी झालेली होती. अंगावरून पांढरं जातं, ही गोष्ट बाई सभेत बोलत नाही. विहिरीच्या वाटेवर, सोबत दुसरं कुणी नसताना बोलते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते लोहाच्या लाल गोळ्यांनी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की गंभीर. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, निदान १८० दिवस रोज एक घ्यायची असते. तरीही पाकिटं पत्र्याच्या डब्यात तशीच पडून राहतात. मळमळतं, शी काळी होते, आणि बाळ पोटात मोठं होऊन बाळंतपण अडेल अशी सासूला धास्ती असते. रक्तक्षयावर तासभर बोलून ही धास्ती जात नाही. शी काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे गोळी देतानाच सांगावं. रात्री जेवल्यावर घ्यायला सांगावी, चहासोबत नको, जेवणात लिंबू असलं तर उत्तम. आणि हे सांगताना सासूलाही शेजारी बसवावं, कारण घरात तिचा शब्द चालतो. तिला बाजूला ठेवून सुनेला शिकवायला जाणं मला चुकीचंच वाटतं.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोटुशी बाईही जाते आणि तिची तपासणी तुटते. तेव्हा निघण्याआधीच भट्टीचं ठिकाण, मुकादमाचा नंबर आणि बाळंतपणाची तारीख वहीत लिहून घ्या, माता-बाल कार्ड तिच्या गाठोड्यात गेलं का ते बघा. भिवंडी तुम्हाला मोखाड्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे जा आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे तिचं नाव नोंदवून या.