विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना मानधन द्यायचंय? मंजुरीची वाट अशी

सार्वजनिक न्यासाचा अध्यक्ष आठवड्याचे तीन-चार दिवस कार्यालयात बसतो. बांधकामावर लक्ष ठेवतो, सरकारी खात्यांचे उंबरठे झिजवतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. कधीतरी मंडळात कोणीतरी म्हणतं, "यांना काहीतरी द्यायला हवं." सगळे माना डोलावतात, ठराव होतो आणि पुढच्या महिन्यापासून चेक निघायला लागतो. पुढची सगळी भानगड या घाईतून जन्मते. पैसे आधी आणि मंजुरी मागाहून, असा क्रम या कामात चालत नाही.

मूळ नियम असा की विश्वस्ताला स्वतःच्या श्रमाचा, कौशल्याचा किंवा वेळेचा मोबदला मागण्याचा हक्क नाही. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ५० मध्ये हे लिहिलं आहे. न्यासपत्रात तशी तरतूद असेल, किंवा न्यास स्वीकारतानाच लाभार्थ्याशी वा न्यायालयाशी करार झाला असेल, तरच अपवाद. तो कायदा खासगी न्यासांचा असला, तरी हे तत्त्व सार्वजनिक न्यासांनाही लावलं जातं. महाराष्ट्रात त्यावर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम येतो. त्याच्या कलम ४१ड मध्ये विश्वस्ताला निलंबित करण्याची किंवा काढण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत न्यासाच्या मालमत्तेशी अयोग्य व्यवहार करणं हे एक आहे आणि विश्वस्तपदाशी विसंगत असं पद न्यासात स्वीकारणं हे दुसरं. मंजुरीशिवाय पगार घेणारा अध्यक्ष या दोन्ही कारणांच्या टप्प्यात येतो. शिवाय कलम ४० आणि ४१ खाली चौकशी होऊन न्यासाचं नुकसान विश्वस्तांकडून वसूल होऊ शकतं, आणि त्या वेळी चेकवर सह्या करणारेही सुटत नाहीत.

आधी कागद काढा

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा, ताजा उतारा घ्या. कपाटातून न्यासपत्र, घटना किंवा स्कीम (आयुक्तांनी वा न्यायालयाने ठरवून दिलेली कारभाराची योजना) काढा आणि पहिल्या ओळीपासून वाचा. मोबदल्याचं कलम बहुधा "विश्वस्तांचे अधिकार" या मथळ्याखाली सापडत नाही. ते "खर्च", "संकीर्ण" किंवा "रिक्त पदे" अशा कोपऱ्यात दडलेलं असतं. वाचून झाल्यावर पुढच्या चारपैकी एक गोष्ट हाती लागेल.

न्यासपत्रात मानधनाची स्पष्ट परवानगी असेल, तर न्यायालयात जायचं कारण नाही. रक्कम वाजवी ठेवा, ठराव नीट करा आणि हिशेबात उघड दाखवा. न्यासपत्र गप्प असेल, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ५६अ खाली न्यायालयाचा निर्देश मागता येतो. या लेखाचा मुख्य भाग त्याबद्दलच आहे. न्यासपत्रात किंवा स्कीममध्ये "विश्वस्तांनी विनामोबदला काम करावे" असं लिहिलेलं असेल, तर नुसत्या सल्ल्याने भागत नाही. ते कलमच बदलून घ्यावं लागतं. चौथा प्रकार १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालच्या संस्थेचा. तिथे आधी नियमावलीतला बदल नियमावलीत सांगितलेल्या बहुमताने सर्वसाधारण सभेत व्हायला हवा. कार्यकारी मंडळाने आपल्याच अध्यक्षासाठी केलेला ठराव तिथे पुरत नाही.

शिर्डीचं साईबाबा संस्थान, प्रभादेवीचं सिद्धिविनायक, पंढरपूरची मंदिरं यांना स्वतंत्र कायदे आहेत, त्यामुळे त्यांची वाट वेगळी. गोव्यातही १९५० चा हा अधिनियम लागू नाही.

तीन प्रकारचे पैसे, तीन वेगळ्या फायली

खर्चाची भरपाई, पदाचं मानधन आणि व्यावसायिक फी यांची सरमिसळ केली की अर्ज तिथेच पांगळा होतो. एसटीचं तिकीट, न्यासाच्या कामाचं पेट्रोल, टपाल ही भरपाई झाली. पावती असेल तर ती देण्यात अडचण नाही, न्यायालयाची परवानगीही लागत नाही. पण पावतीविना दरमहा ठरावीक "प्रवासभत्ता" दिला, तर ते मानधनच ठरतं, नाव काहीही द्या. तिसरा प्रकार म्हणजे अध्यक्ष स्वतः वास्तुविशारद किंवा वकील असून न्यासाचं काम फी घेऊन करतो. तो हितसंबंधाचा वेगळा प्रश्न आहे. तो मानधनाच्या अर्जात घुसडू नका.

रक्कम कशी काढायची

"योग्य ते मानधन" असा शब्दप्रयोग न्यायालयापुढे टिकत नाही. आकडा लागतो आणि आकड्यामागे हिशेब लागतो. किमान तीन महिने अध्यक्षांच्या कामाची नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, काम. त्यातून महिन्याचे कामाचे दिवस निघतात. मग तेच काम बाहेरच्या माणसाला दिलं तर काय द्यावं लागेल ते पाहा. धरा, त्याच गावात तेवढ्याच आकाराच्या संस्थेचा व्यवस्थापक २६ दिवसांच्या महिन्याला ६०,००० रुपये घेतो. अध्यक्ष महिन्याला १३ दिवस देतात, म्हणजे कमाल ३०,००० रुपये. वर्षाचे झाले ३,६०,०००. न्यासाचं वार्षिक उत्पन्न ८४ लाख असेल, तर हे सव्वाचार टक्क्यांच्या आसपास जातं. ही टक्केवारी अर्जात तुम्हीच लिहा, नाहीतर समोरचा वकील लिहील. तुलनेसाठी दोन-तीन संस्थांची पगारपत्रकं किंवा जाहिराती जोडा. आणि व्यवस्थापक आधीच नेमलेला असेल, तर अध्यक्ष त्याच्याहून वेगळं काय करतात हे आधी स्वतःला विचारा. याचं उत्तर मिळत नसेल, तर अर्ज करूच नये हे बरं.

आयकराची बाजूही इथेच तपासायची. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १३(२)(क) प्रमाणे विश्वस्ताला वाजवीपेक्षा जास्त पगार वा भत्ता दिला, की न्यासाचं उत्पन्न त्याच्या फायद्यासाठी वापरल्याचं मानलं जातं. तेवढ्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. कलम २७१एएई खाली पहिल्या वेळी त्या पूर्ण रकमेएवढा आणि पुढच्या वर्षी पुन्हा घडलं तर दुप्पट दंड होऊ शकतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएकडून नवा क्रमांक घेऊनच अर्जात लिहा. परदेशी देणगी घेणाऱ्या न्यासात पदाधिकाऱ्यांचं मानधन प्रशासकीय खर्चात मोजलं जातं आणि त्या खर्चाला २०२० च्या दुरुस्तीपासून २० टक्क्यांची मर्यादा आहे.

ठराव

सभेच्या अजेंड्यावर विषय स्पष्ट लिहा. "आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली हा ठराव कधीही घेऊ नका. विषय पुकारल्यावर अध्यक्षांनी खुर्ची सोडायची, दुसऱ्या विश्वस्ताने सभा चालवायची आणि अध्यक्ष खोलीबाहेर गेल्याची वेळ इतिवृत्तात लिहायची. त्यांचे नातेवाईक मंडळावर असतील तर त्यांनीही बाहेर जावं. उरलेल्यांत गणपूर्ती राहते का ते आधीच मोजा, कारण बऱ्याचदा ती राहत नाही. विरोधात मत पडलं तर ते नावासह आणि कारणासह नोंदवा. विरोध लपवलेला अर्ज पुढे उघडा पडतो, आणि मग रकमेपेक्षा लपवाछपवीवरच सुनावणी चालते.

ठरावात रक्कम, कामाचं स्वरूप, मुदत आणि "सक्षम न्यायालयाची मंजुरी मिळेपर्यंत काहीही दिले जाणार नाही" ही ओळ हवीच. अध्यक्षांची निवड वादात आहे का, त्यांच्या नावाचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला दिलेली खबर) मंजूर आहे का, हेही पाहा. चेंज रिपोर्ट लटकलेला असेल, तर विरोधक पहिल्याच तारखेला म्हणतात की हे अध्यक्षच नव्हेत, मानधन कसलं?

कलम ५६अ चा अर्ज

न्यासाची मालमत्ता किंवा तिचा काही भाग ज्या हद्दीत आहे, तिथल्या न्यायालयात हा अर्ज होतो. बृहन्मुंबईत शहर दिवाणी न्यायालय आणि बाकी ठिकाणी जिल्हा न्यायालय. न्यासाच्या मालमत्तेच्या किंवा उत्पन्नाच्या व्यवस्थापनाबद्दल कोणताही विश्वस्त न्यायालयाचं मत, सल्ला किंवा निर्देश मागू शकतो. अर्ज अध्यक्षांनी स्वतः करू नये, इतर विश्वस्तांनी करावा. धर्मादाय आयुक्तांना नोटीस जाते, त्यामुळे त्यांची प्रत पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

अर्जात प्रश्न नेमका विचारा. "अध्यक्षांना मानधन द्यावे का" हा प्रश्न कच्चा आहे. असं लिहा: "न्यासपत्रात मोबदल्याबाबत तरतूद नसताना, ठराव क्रमांक अमुक अन्वये, सोबतच्या कर्तव्यसूचीतील कामासाठी, तीन वर्षांपर्यंत, दरमहा जास्तीत जास्त ३०,००० रुपये न्यासाच्या उत्पन्नातून देणे न्यासाच्या हिताचे आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर." अटीही तुम्हीच सुचवा: थकबाकी नाही, मुद्दलाला हात नाही, इतर भत्ता नाही, दरवर्षी मंडळापुढे कामाचा अहवाल. अटी आधीच मांडलेला अर्ज न्यायाधीशाला हाताळायला सोपा जातो.

सोबत जोडायचे कागद: परिशिष्ट एकचा उतारा, न्यासपत्र, सूचनापत्रासह इतिवृत्त, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कामाची नोंदवही, तुलनेचे पगार आणि अध्यक्षांचं प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी आजवर न्यासाकडून काय काय घेतलं ते सगळं यावं, गाडी आणि मोबाईलच्या बिलासह.

या वाटेची एक मोठी अडचण आहे. प्रश्न थोडक्यात निकाली काढण्यासारखा नसेल, तर न्यायालय मत देण्याला बांधील नाही. विश्वस्तांत दोन तट असतील, न्यासपत्राच्या अर्थावरच भांडण असेल किंवा साक्षीपुरावे लागणार असतील, तर अर्ज परत यायची शक्यता मोठी. म्हणून आधी घर सावरा, मग कोर्टाची पायरी चढा. आणि खरी वस्तुस्थिती पूर्ण मांडूनच निर्देश मागा. अर्धवट माहितीवर मिळवलेला निर्देश नंतर ढाल म्हणून उपयोगी पडत नाही.

कलमच आड येत असेल तर

न्यासपत्र किंवा स्कीमच मानधनाला मनाई करत असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या अधिनियमाच्या कलम ५०अ खाली जावं लागतं. न्यासात हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्तींनी लेखी अर्ज केला, किंवा आयुक्तांना स्वतःला गरज वाटली, तर विश्वस्तांना ऐकून आणि चौकशी करून ते स्कीम बनवतात. स्वतः बनवलेली स्कीम ते बदलूही शकतात. स्कीमला न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखं बळ असतं. आदेश पटला नाही तर कलम ७२ खाली ६० दिवसांत न्यायालयात दाद मागता येते. स्कीम जुन्या दाव्यात न्यायालयानेच बनवलेली असेल, तर तिच्या शेवटच्या कलमांत बदलासाठी कुठे अर्ज करायचा हे बहुधा लिहिलेलं असतं. तिथेच जा. स्कीम ठरवण्यासाठी वा बदलण्यासाठी याच अधिनियमाच्या कलम ५० चा दावाही आहे. तो हितसंबंधी व्यक्तींना करायचा तर आधी कलम ५१ खाली धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते. मानधनासारख्या एकाच मुद्द्यासाठी ही तोफ शक्यतो बाहेर काढू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ चा मसुदा मात्र वकिलाने चुकूनही देऊ नये, या अधिनियमाच्या कलम ५२ मुळे ते इथे लागू होत नाही.

आदेश हाती आल्यावर

प्रमाणित नक्कल काढा आणि एक प्रत धर्मादाय कार्यालयाच्या फाइलला लावा. मानधन आदेशाच्या तारखेपासून सुरू होतं. मागच्या महिन्यांचं "राहिलेलं" द्यायचं नाही, आदेशात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. अंदाजपत्रक हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी द्यावं लागतं, त्यात ही रक्कम वेगळी दाखवा. परिशिष्ट नऊमधल्या जमाखर्चाच्या ठरावीक नमुन्यात "विश्वस्तांचे मानधन" असं स्वतंत्र शीर्षक छापलेलंच आहे. तरीही लेखनिक ती रक्कम "आस्थापना खर्च" मध्ये ढकलतात, आणि आदेश असूनही चौकशी लागते ती इथूनच. करकपात वेळेवर करा. मानधन चेकने किंवा बँकेतूनच द्या, रोख नको. मार्चअखेर ते देणं बाकी ठेवलं, तर विश्वस्त न्यासाचा धनको होतो. लेखापरीक्षकाच्या अहवालात नेमका तोच प्रश्न असतो: कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे काय?

अध्यक्ष बदलले तर जुना आदेश नव्या माणसाला लागू पडतो का, ते त्याच्या शब्दांवर ठरतं. "अध्यक्षपदासाठी" की "श्री. अमुक यांना", हे नक्कल हातात आल्याआल्या वाचा. मुदत संपायच्या सहा महिने आधी नवा अर्ज टाका, आणि तो निकाली निघायच्या आत मुदत संपली तर त्या दिवसापासून चेक थांबवा.