गोळी घेणारी मुलंही त्याच वर्गात असतात

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला, झोम्बा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी सहा महिने शाळकरी मुलामुलींना एचआयव्हीविषयी शिकवलं. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, 'एड्स जीवघेणा आहे.' तास संपल्यावर माझं बोलणं चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत सांगणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "या वर्गात जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं आहेत. रोज गोळी घेतात. त्यांना आज काय वाटलं असेल?" ते वाक्य मला अजून लागतं.

तुम्ही असं शिकवायला जाणार असाल, तर भीती घालायला जाऊ नका. मलावीत २००४ पासून सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. २०११ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आयुष्यभराचे उपचार देतात. गोळ्या नेमाने घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मोठ्या मुलांना हे आडपडदा न ठेवता सांगा. जबरदस्ती झाली किंवा निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठायचा, हेही.

मात्र आधी गावच्या म्फुमूंना, म्हणजे प्रमुखांना भेटा. निरोध वर्गात दाखवायचा की नाही, हे मुख्याध्यापकांना विचारून ठरवा.

विषाणूला चिचेवात 'कचिलोम्बो' म्हणतात, छोटंसं श्वापद. रोगाशी लढणाऱ्या पेशी 'असिलिकाली', शिपाई. हे शब्द कळले आणि नेलेले तक्ते मी गुंडाळून ठेवले. मुलं अंगणात काडीने लढाई काढायची. गोळी श्वापदाला झोपवते, मारत नाही, चुकली की ते उठतं, हे एका मुलीनेच सगळ्यांना समजावलं.

प्रश्नांची पेटी ठेवाच. सगळ्यांना सारखे कागद द्या. प्रश्न नसेल त्यानेही काहीतरी लिहायचं, कालचं जेवण का असेना. म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. डास चावून होतो का, हे हमखास येतं. 'आईला आहे, धाकट्याला आहे, मला का नाही?' हेही आलं. आईला उपचार मिळाले नाहीत तरी प्रत्येक बाळाला लागण होतेच असं नाही, आणि यात आईचा दोष नसतो, हे मी सावकाश सांगितलं.

जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपत आलेला असतो. तेव्हा एक चिठ्ठी निघाली: 'जेवण नसेल तर गोळी घ्यायची का?' मी अंदाजाने उत्तर दिलं नाही, नर्सबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, इथे बहुतेकांना देतात ती गोळी उपाशीपोटीही चालते, चुकवायची नाही. आणि घरात खायला नसेल तर त्यांना येऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी मी हे सगळ्या वर्गाला दोनदा सांगितलं, कोणाकडेही रोखून न बघता.