सवय अंगवळणी कशी पाडायची: शरीर, मन आणि आतली शांतता

आधी एक काम करा, गेल्या महिन्याभरातला तुमचा सगळ्यात वाईट दिवस आठवा. झोप झालेली नाही, कामाचा ढीग पडलाय, घरात कुणाची तरी तब्येत बिघडलीय, डोकं भणभणतंय, असा. आता स्वतःला विचारा की त्या दिवशीसुद्धा मी स्वतःसाठी नक्की काय करू शकलो असतो? जे उत्तर येईल ना, दोन मिनिटं चालणं म्हणा, पाच उठबशा म्हणा, तेवढंच तुमच्या नवीन सवयीचं माप. त्याहून मोठं सध्या ठरवूच नका.

आपण बहुतेक सगळे उलटं करतो. ज्या दिवशी हुरूप आलेला असतो त्या दिवशी प्लॅन करतो आणि मग त्या प्लॅनमध्ये पहाटे उठणं, तासभर व्यायाम, ध्यान, वाचन, डायरी, मोबाईल बंद असं सगळं एकदमच येतं. आपल्याकडे आरंभशूर म्हणतात तसं होतं आणि मग माणूस स्वतःलाच दोष देतो की माझ्यात जिद्दच नाही. जिद्द असते हो, माप चुकलेलं असतं.

मला हे कळलं ते आई आजारी होती तेव्हा. जवळजवळ तीन आठवडे रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. माझा ४५ मिनिटांचा व्यायाम पहिल्याच दिवशी गेला, वाचन गेलं, डायरी तर घरीच राहिली. पण सकाळी दात घासले की लगेच दहा उठबशा ही एकच गोष्ट राहिली, कारण दात तिथेही घासायचेच होते. वॉर्डच्या टोकाला बेसिन होतं, ब्रश खिशात टाकायचा, टॉवेल खांद्यावर आणि भिंतीला पाठ टेकवून हळूहळू दहा. एक मिनिटही लागायचं नाही. घरी परतल्यावर बाकीचा सगळा व्यायाम त्या दहा उठबशांच्याच मागे हळूहळू परत आला. म्हणून मी आता कुणालाही हेच सांगते, आधी ती दहा वाचवा.

आता किती दिवसात सवय लागते ते बघू. २१ दिवस हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात आहे. ऑपरेशननंतर नवीन चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस जातात असं त्यांचं निरीक्षण होतं, व्यायामाशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि त्यातला 'कमीत कमी' हा शब्द तर पुढे गळूनच गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये आला. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडून ती रोज ठरलेल्या प्रसंगी, म्हणजे नाश्ता झाल्यावर वगैरे, करायची होती. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. म्हणजे बाविसाव्या दिवशी तुम्हाला अजून कंटाळा येत असेल तर काहीही बिघडलेलं नाहीये. आणि त्याच अभ्यासातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. चुकला दिवस की सगळं फुकट, हे आपणच मनाशी धरून बसलेलो असतो.

मग नवीन सवय टांगायची, म्हणजे जोडायची, कुठल्या गोष्टीला? जी गोष्ट तुम्ही रोज न चुकता करताच तिला. दात घासणं, अंघोळ, दाराला कुलूप लावणं, गाडी पार्क करणं, दिवा मालवणं, काहीही चालेल. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये या जर-तर पद्धतीवर लिहिलंय, 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं नेमकं ठरवलेलं काम नुसत्या 'मी व्यायाम करणार आहे' पेक्षा पार पडायची शक्यता जास्त असते. वाक्य बोलून बघा. 'रोज थोडं चालेन' हे ढिलं आहे. 'ऑफिसहून आलो की बॅग ठेवून, खुर्चीत बसायच्या आधी, कोपऱ्यापर्यंत जाऊन येईन' हे घट्ट आहे. 'बसायच्या आधी' हे त्यातलं सोनं आहे, कारण एकदा बसलो की उठवत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. घड्याळाची वेळ ठरवली तर ती वेळ मीटिंगमध्ये जाते, पण बॅग तर तुम्ही रोज ठेवताच.

जागेचा जोर किती असतो याचा एक भारी प्रयोग आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सिनेमाला आलेल्या लोकांना काहींना ताजे पॉपकॉर्न दिले आणि काहींना आठवड्याभराचे शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळेसुद्धा ताज्यांइतकेच खाल्ले, चव आवडली नाही तरी. मग त्यांना सवय नसलेल्या हाताने खायला लावलं तेव्हा मात्र शिळे मागे राहिले. म्हणजे हात, जागा, अंधार, खुर्ची हीच सवय चालवत असतात, आपली इच्छा बरीच मागे असते. हे तुमच्या फायद्याला वापरा. चालायचे बूट कपाटात नकोत, दाराशी हवेत, मोजे आत खोचून, नाड्या सैल करून, नुसता पाय घालायचा बाकी. आणि जे नकोय ते लांब. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ आणा. मला वाटतं सगळ्या सल्ल्यांत हाच एक सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे, कारण यात रोज मनाशी भांडावं लागत नाही, एकदाच चार्जरची जागा बदलायची.

शरीराकडे येऊ. सुरुवात व्यायामाने नको, झोपेने करा. मोठ्या माणसाला ७ तास तरी झोप लागते, आणि झोप नसेल तर बाकी कुठलीच सवय धरत नाही, चिडचिड होते, भूक भलतीकडे जाते, व्यायामाला अंग उचलत नाही. झोपायची वेळ हातात नसते पण उठायची असते, म्हणून उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, फार तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. उठल्यावर थोडा वेळ बाहेरच्या उजेडात जा, शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. आणि चहा-कॉफीतलं कॅफीन दुपारनंतर शक्यतो टाळा, घेतलेलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ ला घेतलेलं रात्री ११ लाही निम्मं अंगात असतं. माणसामाणसांत फरक पडतो, पण झोप लागत नसेल तर आधी हेच करून बघा.

हालचालीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं आहे की मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेवढा वेग. पूर्वी सलग १० मिनिटं तरी चालायला हवं असं धरायचे, ती अट त्यांनी आता काढून टाकलीय, दोन-तीन मिनिटांची हालचालसुद्धा मोजायची. आणि १०,००० पावलांचं दडपण घेऊ नका, तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांनी मोजून काढलेला नव्हता. आज २,००० चालत असाल तर ३,००० करा, तोही खरा फायदाच. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग जास्त दुखतं, ते नॉर्मल आहे, त्या दिवशी हलकं चाला पण जागेवरून हला. छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही झालं तर मात्र थांबा आणि डॉक्टरला दाखवा, आणि बीपी-शुगर किंवा हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर सुरू करायच्या आधीच विचारा.

खाण्याबद्दल मी इथे फार बोलणार नाही, तो वेगळाच विषय आहे. एवढंच करा, जेवताना स्क्रीन बंद ठेवा. किती खाल्लं ते कळायला लागतं.

मनासाठी दोन गोष्टी. पहिली श्वास. चार आकडे म्हणेपर्यंत आत, सहा आकडे म्हणेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंद होतात, हे शरीराचंच काम आहे, त्यामुळे बाहेरचा श्वास लांबवला की धडधड उतरायला मदत होते. हे सिग्नलला करता येतं, कठीण फोन उचलायच्या आधी करता येतं, कुणाला कळतही नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर जोर कमी करा, ओढून ताणून घ्यायचा नाहीये.

दुसरी, लिहिणं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहून घेतलं. ज्यांनी काय घडलं ते आणि त्याबद्दल काय वाटलं ते, दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट जड वाटलं होतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस पहिल्याच दिवशी वही मिटतो. शुद्धलेखन, अक्षर, वाक्यरचना काही बघू नका, नंतर कागद फाडून टाकलात तरी चालेल. आणि जखम अगदी ताजी असेल तर थोडे दिवस जाऊ द्या, अंगावर येत असेल तर विषय बदला.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय. दोन आठवडे झाले तरी मन सतत उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक पार बिघडलीय, जगावंसं वाटत नाही असे विचार येतायत, तर हे सवयींनी बरं करायचं प्रकरण नाही. डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा, जवळच्या माणसाला आजच सांगा, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर एकटे अजिबात राहू नका. पाय मोडला तर आपण चालून बघत बसत नाही, तसंच आहे हे.

आता अध्यात्म म्हणा, आतलं म्हणा. श्रद्धा असेल तर तुमची प्रार्थना, नामस्मरण आहेच, नसेल तर नुसतं शांत बसणंही चालतं. पाच मिनिटं, त्याच जागी, रोज. लोक मला म्हणतात की मन लागतच नाही, सारखं भटकतं, मला ध्यान जमतच नाही. अहो भटकणारच ते. भटकलं हे लक्षात आलं आणि तुम्ही त्याला श्वासावर परत आणलंत, तो जो परत आणायचा क्षण आहे ना तोच व्यायाम. पाच मिनिटांत तीस वेळा भटकलं आणि तीस वेळा आणलं तर तीस वेळा व्यायाम झाला, अपयश कुठे आलं त्यात?

आणि आतल्यासाठी आणखी एक जे मला बसण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आठवड्यातून एकदा कुणासाठी तरी काहीतरी करायचं आणि ते कुणालाही सांगायचं नाही. फोटो नाही, स्टेटस नाही. एकट्या राहणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे अर्धा तास बसून त्याचं ऐकून घेणं, मध्ये सल्ला न देता. बसून बघा, मन किती हलकं होतं ते.

चुकलेल्या दिवसाचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, चुकल्यावर ठरवायला जाऊ नका. माझा नियम असा आहे की काल राहिलं तर आज फक्त किमान माप, भरपाई नाही. काल दहा उठबशा राहिल्या म्हणून आज वीस करायच्या नाहीत, आजही दहाच. भरपाई लावली की त्याची शिक्षा होते आणि शिक्षेपासून मन पळतं. दोन दिवस लागोपाठ चुकले तर स्वतःला बोल लावायच्या आधी सवय कशाला टांगलीय ते बघा. बहुतेक वेळा खुंटीच हललेली असते, ऑफिसची वेळ बदललेली असते, मुलांची शाळा बदललेली असते, आपण मात्र जुन्याच वेळेला धरून बसलेलो असतो.

माप कधी वाढवायचं? ज्या दिवशी न करता पुढे गेलात आणि काहीतरी राहिलंय असं चुकचुकायला लागलं, त्यानंतर. मग थोडंच वाढवा, पण किमान माप तेच ठेवा, दहाच. पुढचा वाईट दिवस आला की परत त्यावरच उतरता येतं.

तिन्ही एकदम सुरू करू नका हं. शरीराचं एक घ्या, ते महिना-दोन महिने चालू द्या, मग मनाचं, मग आतलं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर आज रात्री फक्त चार्जर दुसऱ्या खोलीत न्या आणि बूट दाराशी ठेवा.