कलम ३०४-अ खाली शिक्षा झाल्यावर: कागद, लायसन्स, कामधंदा

कलम ३०४-अ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम; इथे रस्ता अपघाताबद्दल बोलतोय. निकालाच्या दिवशी माणूस सुन्न असतो आणि नेमकी त्याच दिवशी धावपळ करावी लागते. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळते, ती मागून घ्या. तुम्ही जामिनावर असाल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करेपर्यंत सोडण्याचा अर्ज त्याच कोर्टात, त्याच दिवशी द्यायचा. सेशन्स कोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या अपघाताला ३०४-अ ऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं. जुन्यात कमाल २ वर्षं, नव्यात ५. निकालात कलम कोणतं आलंय ते तपासा.

१९५८ च्या परिवीक्षा कायद्याची (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची) मागणी वकिलाने करावीच, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. बेफिकीर ड्रायव्हिंगच्या मृत्यूत ही सवलत सहज देऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली बजावलंय. मिळाली तर याच कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेपायी येणारी अपात्रता टळते. दोष पुसला जात नाही.

लायसन्सचं लोक हमखास चुकतात. कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम २२ खाली ते निलंबित केलं असेल, तर मुदत संपली म्हणून ते आपोआप घरी येत नाही. आरटीओकडे अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट, एवढं पार पडल्यावरच मिळतं. मधल्या काळात ‘गल्लीतच तर चालवतोय’ म्हणून स्टिअरिंग धरलं, तर कलम १८२ खाली ३ महिने कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोकरीच्या फॉर्मात विचारलं असेल तर लपवू नका. सरकारी नोकरीत गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच जास्त नडते; सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात माहिती खरी आणि पूर्ण द्या, असं स्पष्ट सांगितलंय. नुसतं ‘होय’ लिहिलं की वाचणारा खून समजतो. म्हणून असं लिहा: ‘रस्ता अपघात, निष्काळजीपणाने मृत्यू, कलम ३०४-अ, खटला क्र. …, शिक्षा … महिने, भोगून पूर्ण दि. …’. सोबत निकालाची प्रत आणि दंडाची पावती. पावती सापडत नाही, हे रडगाणं घरोघरी असतं. लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

मृताच्या घरच्यांकडे पैसे घेऊन परस्पर जाऊ नका. हा गुन्हा तडजोडीचा नाही, म्हणजे आपसात मिटवून खटला संपत नाही, आणि नुकसानभरपाईचा दावा अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो. भेटायचंच असेल तर त्यांची तयारी आहे का, हे दोन्ही घरं ओळखणाऱ्या माणसाकरवी आधी विचारून घ्या. अपील चालू असताना काहीही लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा.

लायसन्स परत आल्यावर पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी बसवून चालवा. हॉर्न ऐकून हात थरथरत असतील तर गाडी बाजूला घ्या. झोपच उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.