बॅग फिल्टरच्या डक्टवर धूळ-संवेदक बसवणे आणि सांभाळणे : नागपूर परिसरातील कारखान्यांसाठी

बॅग फिल्टरमधील, म्हणजे कापडी पिशव्यांतून धुळीची हवा गाळणाऱ्या यंत्रातील, एखादी पिशवी फाटली, तर चिमणीतून निघणारी धूळ डोळ्यांना दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. एका फिल्टरमध्ये दोनशे पिशव्या असतील आणि त्यांतील एकीला बोटाएवढे छिद्र पडले असेल, तर दाबातील फरक दाखवणाऱ्या मापकाचा काटा जेमतेम हलतो. दरम्यान त्या छिद्रातून वेगाने सुटणारी धूळ शेजारच्या पिशव्या घासते आणि फिल्टरच्या स्वच्छ बाजूला साचून इतर पिशव्यांत आतून पडू लागते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर असली, तरी अनेक उद्योगांच्या संमतीपत्रात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याहून कडक मर्यादा घातलेली असते, आणि त्या पातळीवरची धूळ उन्हात उभे राहून चिमणीकडे पाहिल्याने कळत नाही. बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतींना लागूनच माणसे राहतात. त्यांच्या घरापर्यंत धूळ पोहोचण्याआधी ती कारखान्याच्या पॅनेलवर दिसली पाहिजे, यासाठी हा संवेदक आहे.

कोणता संवेदक घ्यावा

छोट्या आणि मध्यम कारखान्यांतील कोरड्या बॅग फिल्टरसाठी डक्टमध्ये सळई घालून बसवायचा विद्युतभारावर चालणारा संवेदक बहुतेक वेळा योग्य ठरतो. त्याचे दोन प्रकार आहेत. ट्रायबोइलेक्ट्रिक प्रकारात धुळीचे कण सळईवर आदळताना होणारी विद्युतभाराची देवाणघेवाण मोजली जाते. इलेक्ट्रोडायनॅमिक प्रकारात सळईजवळून जाणाऱ्या कणांमुळे तिच्यात उमटणारा बदलता संकेत मोजला जातो. सळईवर थोडी धूळ चिकटली तरी दुसरा प्रकार तग धरतो आणि हवेच्या वेगातील लहान बदलांनी तो पहिल्याइतका भरकटत नाही. म्हणून निवड हाती असेल, तर मी दुसऱ्याची शिफारस करीन.

काही ठिकाणी मात्र यांपैकी एकही चालत नाही. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांत राख पकडण्यासाठी वापरतात तशा स्थिरविद्युत अवक्षेपकानंतर कणांवर आधीच कृत्रिम भार चढलेला असतो. तिथे प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारा संवेदक हवा. ओल्या स्क्रबरनंतर, म्हणजे पाण्याने हवा धुणाऱ्या यंत्रानंतर, पाण्याचे थेंबही संकेत देतात आणि त्यांचा गोंधळ साध्या प्रकाशीय संवेदकालाही टळत नाही. तिथे वायूचा नमुना बाहेर खेचून, तापवून मोजणारी वेगळी यंत्रणा लागते.

आणखी एक फरक खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली सतरा अतिप्रदूषणकारी उद्योगप्रकारांसाठी उत्सर्जनाच्या सतत ऑनलाइन मापनाचे निर्देश दिले. त्या कक्षेत येणाऱ्या कारखान्याला मंडळाच्या निकषांत बसणारे उपकरणच घ्यावे लागते. केवळ फाटलेली पिशवी ओळखण्यासाठीचा स्वस्त संवेदक त्याची जागा घेऊ शकत नाही, मात्र त्याच्या जोडीला तो अत्यंत उपयोगी पडतो.

जागेची निवड

बहुतेक तक्रारींचे मूळ उपकरणात नसून जागेत असते. संवेदक फिल्टरच्या स्वच्छ बाजूच्या सरळ डक्टवर बसवावा. मागच्या वळणापासून किंवा डॅम्परपासून (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून) डक्टच्या व्यासाच्या निदान पाचपट आणि पुढच्या अडथळ्यापर्यंत दोन-तीनपट सरळ अंतर मिळावे. डक्टचा व्यास ६०० मिलिमीटर असेल, तर संवेदकाच्या आधी तीन मीटर सरळ लांबी हवी. वळणानंतर लगेच हवा एका बाजूला झुकते आणि धूळ बाहेरच्या भिंतीकडे फेकली जाते, त्यामुळे तिथे बसवलेली सळई एकतर फार कमी दाखवते किंवा फार जास्त. फिल्टर आणि आयडी फॅन (फिल्टरमधून हवा ओढून चिमणीत सोडणारा पंखा) यांच्यामध्ये इतकी सरळ लांबी क्वचितच मिळते. अशा वेळी फॅनच्या पुढे चिमणीच्या खालच्या भागात जागा शोधावी.

दोन-तीन फिल्टरचे डक्ट एकाच चिमणीत मिळत असतील, तर प्रत्येक फिल्टरला त्याचा स्वतंत्र संवेदक द्यावा. सामाईक चिमणीत एका फिल्टरची गळती इतरांच्या स्वच्छ हवेत विरळ होते, आणि इशारा वाजलाच तर दोष कोणाचा हे शोधण्यात पूर्ण पाळी जाते. एवढा खर्च परवडत नसेल, तर एका महागड्या उपकरणाऐवजी तीन साधी उपकरणे घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आडव्या डक्टवर सळई वरून किंवा बाजूने घालावी. खालून घातल्यास सॉकेटमध्ये (सळई बसवण्यासाठी डक्टला जोडलेल्या तोंडात) धूळ आणि पाणी साचते. सळईची लांबी डक्टच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश ठेवावी. ६०० मिलिमीटरच्या डक्टला ३०० ते ४०० मिलिमीटरची सळई पुरते. सळईचे टोक समोरच्या भिंतीला कधीही टेकता कामा नये. जिथे शिडी आणि कठडा असलेला मंच नाही, तिथे संवेदक बसवू नये, कारण जिथवर माणूस सुरक्षितपणे पोहोचत नाही त्या संवेदकाची देखभाल होत नाही. चिमणीतून नमुना घेण्याचे पोर्ट जवळच असावे, परंतु नमुना घेण्याची नळी सळईला लागणार नाही इतके अंतर राखावे.

छिद्र, वेल्डिंग आणि अर्थिंग

डक्टला छिद्र पाडून सॉकेट वेल्ड करण्याआधी फिल्टर बंद करावा, आतील साचलेली धूळ काढावी आणि गरम कामाचा लेखी परवाना घ्यावा. कोळसा, ॲल्युमिनियम, पीठ, स्टार्च किंवा साखर यांची धूळ स्फोटक असते. अशा ठिकाणी डक्टचा तो तुकडा उतरवून वर्कशॉपमध्ये नेऊनच वेल्डिंग करावे आणि संवेदकही स्फोटक धुळीच्या वातावरणासाठी प्रमाणित असलेलाच घ्यावा. स्फोटक वातावरणातील विद्युत उपकरणांच्या मान्यतेचे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा कागदपत्रांविषयी शंका असल्यास ती खरेदीपूर्वीच दूर करून घ्यावी. वेल्डिंग चालू असताना संवेदक डक्टवर नसावा. पुढे कधी त्याच डक्टवर वेल्डिंग करायचे झाल्यासही तो आधी उतरवून तारा सोडवून ठेवाव्यात.

या प्रकारच्या संवेदकासाठी भोवतालचा धातूचा डक्ट हेच बाहेरच्या विद्युत गोंगाटापासूनचे कवच असते, आणि ते कवच जमिनीशी नीट जोडलेले नसेल तर पॅनेलवर दिसणारा आकडा धुळीचा नसून शेजारच्या मोटरचा असतो. डक्टच्या फ्लँजमध्ये (तुकडे जोडणाऱ्या कडांमध्ये) रबरी गॅस्केट आणि रंगाचा थर असतो, त्यामुळे दिसायला एकसंध असलेला डक्ट विद्युतदृष्ट्या तुकड्यातुकड्यांत विभागलेला असू शकतो. संवेदकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर रंग खरवडून जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची पट्टी जोडावी, संवेदकाचे आवरण आणि डक्ट यांतील रोध मल्टिमीटरने तपासावा आणि तो एका ओहमपेक्षा कमी असल्याची खात्री करावी. फायबरच्या डक्टमध्ये हे कवच नसतेच. तिथे संवेदकाच्या भागात धातूचा तुकडा बसवून तो अर्थ करणे हाच चांगला उपाय.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन खोलवर सुकते, काळी माती भेगाळते आणि पावसाळ्यात व्यवस्थित असलेल्या अर्थ पिटचा (अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याचा) रोध वाढत जातो. म्हणून अर्थ रोधाची नोंद उन्हाळ्यात घ्यावी, जुलैमध्ये नव्हे, आणि उन्हाळाभर पिटमध्ये नियमित पाणी घालण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यावी. जूनच्या सुरुवातीला विदर्भात विजांचा कडकडाट मोठा असतो. उंचीवर बसवलेल्या संवेदकाच्या संकेतवाहिनीला सर्ज प्रोटेक्टर असणे आवश्यक आहे.

केबल पिळलेल्या जोडीची आणि शिल्ड असलेली घ्यावी. शिल्ड एकाच टोकाला, सामान्यतः पॅनेलकडे, अर्थ करावे आणि ही केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नये. संवेदक आपला आकडा ४ (शून्य) ते २० (पूर्ण पट्टी) मिलिॲम्पिअरच्या संकेतातून पॅनेलला कळवतो, म्हणून जोडणी झाल्यावर संवेदकाकडून ४, १२ आणि २० मिलिॲम्पिअर पाठवून पॅनेलवरचे आकडे जुळतात का, ते पाहावे. ० ते १०० अशी पट्टी असल्यास १२ मिलिॲम्पिअरला ५० दिसले पाहिजेत.

जंक्शन बॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक भाग पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये. अशा भागांची सहनशक्ती बऱ्याचदा ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नागपुरात छायेतला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात तापलेली पत्र्याची पेटी त्याहून कितीतरी गरम होते. पेटीवर हवा खेळती राहील असे पत्र्याचे छप्पर द्यावे. डक्ट गरम असेल तर सळईची मान लांब असलेला नमुना घ्यावा, म्हणजे उष्णता वरच्या भागापर्यंत कमी पोहोचते.

इशाऱ्याची पातळी ठरवणे

नव्या पिशव्या घातल्यावर पहिले काही दिवस त्यांतून थोडी धूळ निघतेच, कारण कापडावर धुळीचा थर बसल्यावरच गाळण खऱ्या अर्थाने सुरू होते. त्या दिवसांतील आकड्यांवरून इशाऱ्याची पातळी ठरवू नये. थर बसल्यावर, भट्टी किंवा मिल पूर्ण भारावर असताना, काही दिवसांचा आलेख नोंदवावा आणि तो बारकाईने पाहावा.

हा आलेख सरळ रेषेत नसतो. पल्स जेटने, म्हणजे दाबाखालच्या हवेच्या झटक्याने, पिशव्या झटकल्या की दर वेळी एक छोटे शिखर उमटते. समजा, फिल्टरमध्ये बारा रांगा आहेत आणि दर दहा सेकंदांनी एका रांगेला झटका मिळतो. म्हणजे दर दोन मिनिटांनी तीच रांग पुन्हा येते. आता बारांपैकी एक शिखर इतरांपेक्षा उंच असेल आणि नेमके दर दोन मिनिटांनी परत येत असेल, तर त्या रांगेतील एखादी पिशवी फाटलेली आहे. झटक्यामुळे छिद्रावर बसलेला थर निघतो, धूळ सुटते आणि पुन्हा थर बसला की शिखर ओसरते. रांगांना क्रमाने झटके देणाऱ्या सिक्वेन्शियल टायमरचा संकेत त्याच आलेखावर घेतला, तर रांगेचा क्रमांकही कळतो आणि मेंटेनन्सच्या माणसांना दोनशे पिशव्या तपासण्याऐवजी पंधरा-वीसच पाहाव्या लागतात. झटके दाबातील फरकावर चालत असतील, तर या तपासणीपुरते ते वेळेच्या पद्धतीवर आणावेत. याउलट एखाद्या रांगेचे शिखर दिसेनासेच झाले, तर आनंद मानू नये. त्या रांगेला झटका देणाऱ्या झडपेचा सोलेनॉइड किंवा डायफ्राम बंद पडलेला असण्याची शक्यता अधिक असते.

हे सर्व दिसण्यासाठी आलेखाचा सरासरी काळ एक-दोन सेकंदांचा ठेवावा. इशाऱ्यासाठी मात्र वेगळा, एखाद्या मिनिटाचा सरासरी काळ आणि थोडा विलंब द्यावा, नाहीतर प्रत्येक झटक्याला भोंगा वाजेल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याची तार काढून ठेवेल. पहिला इशारा या मिनिटाच्या सरासरीच्या नेहमीच्या कमाल पातळीच्या दुप्पट-तिप्पट ठेवून सुरुवात करावी आणि अनुभवानुसार तो जुळवावा. दुसरा, गंभीर इशारा संमतीपत्रातील मर्यादेच्या पुरेसा आत असावा. इशारा मिळाल्यावर कोणी काय करायचे, हे पॅनेलशेजारी मराठीत लिहून लावावे.

मिलिग्रॅममधील आकडा

संवेदकाचा मूळ संकेत सापेक्ष असतो. तो मिलिग्रॅममध्ये वाचायचा असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आयएस ११२५५ च्या पहिल्या भागानुसार समगती नमुने (डक्टमधील वायूच्या वेगानेच आत खेचलेले) घ्यावे लागतात आणि त्याच वेळेतील संकेताच्या सरासरीशी ते ताडून गुणक काढावा लागतो. एकाच नमुन्यावर भिस्त ठेवू नये. निदान तीन नमुने, आणि शक्य झाल्यास वेगवेगळ्या भारांवर घ्यावेत. तापमानाची दुरुस्ती विसरल्यामुळे होणारी चूक मोठी असते. डक्टमधील वायू १२० अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या सामान्य स्थितीला आणण्यासाठी ३९३ भागिले २९८, म्हणजे सुमारे १.३२ ने गुणावे लागते. डक्टमध्ये मोजलेले ३८ मिलिग्रॅम अहवालात ५० होतात. कच्चा माल बदलला, पिशव्यांचे कापड बदलले किंवा फॅनचा वेग कायमचा बदलला, तर जुना गुणक रद्द समजून नव्याने नमुने घ्यावेत. मँगनीज धातुकाची धूळ आणि कोळशाची धूळ एकाच वजनाला सारखा विद्युतभार देत नाहीत.

देखभाल

सळई किती दिवसांनी पुसावी, याचे एकच उत्तर नाही. कोरड्या फाउंड्री धुळीत महिन्यातून एकदा पुरेसे ठरते. भाताचे तूस जाळणाऱ्या बॉयलरवर किंवा चिकट धुळीवर आठवड्याला पाहावे लागते. फिल्टर बंद ठेवून सळई काढावी, कोरड्या कापडाने पुसावी आणि सळई जिथून बाहेर येते तिथला इन्सुलेटर अधिक काळजीने स्वच्छ करावा, कारण सळई आणि आवरण यांच्यात धुळीचा पूल तयार झाला की संकेत गळतो आणि आकडा फसवा कमी दिसतो. उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने इन्सुलेशन रोधही पाहावा. इलेक्ट्रॉनिक भाग जोडलेला असताना मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन रोध मोजणारे यंत्र) कधीही लावू नये.

फॅन बंद असताना आकडा शून्याजवळ येतो का, हे दर साप्ताहिक सुट्टीला नोंदवावे. शून्य हळूहळू सरकत असेल, तर ओलावा किंवा अर्थिंग यांपैकी एकात दोष असतो. पावसाळ्यात हा दोष सर्रास दिसतो. जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत थंड डक्टमध्ये दव धरते, विशेषतः भट्टी रात्री बंद ठेवून सकाळी सुरू केल्यावर. तेव्हा सुरुवातीची काही मिनिटे इशारा रोखून धरण्याची सोय पॅनेलमध्ये करावी, डक्टच्या त्या भागाला उष्णतारोधक वेष्टन द्यावे आणि केबल ग्लँड खालच्या बाजूला तोंड करूनच बसवावे. प्रकाशीय संवेदकाच्या काचांवर मारली जाणारी हवा कोरडी आणि तेलमुक्त असली पाहिजे. कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी पावसाळ्यात रोज काढावे, नाहीतर तेच पाणी काचेवर आणि पल्स जेटमधून पिशव्यांवरही जाते. काचांवर हवा मारणारा पर्ज ब्लोअर असेल, तर मे महिन्यात उडणाऱ्या धुळीमुळे त्याची स्वतःची हवेची गाळणी दर पंधरवड्याला तपासावी.

इशारा खरा ठरला आणि फाटलेली पिशवी सापडत नसेल, तर फिल्टरच्या मलीन बाजूला चमकणारी तपासणी-पावडर सोडून, फॅन थांबवल्यावर स्वच्छ बाजूच्या ट्यूबशीटवर (पिशव्या अडकवलेल्या छिद्रांच्या पत्र्यावर) अतिनील दिवा फिरवावा. पिशवी बदलल्यावर नोंदवहीत तिची रांग आणि स्थान लिहावे. एकाच जागच्या पिशव्या वारंवार फाटत असतील, तर दोष कापडात नसून पिशवीच्या आतील पिंजऱ्याच्या गंजलेल्या तारेत, झटक्याची हवा पिशव्यांत सोडणाऱ्या तिरक्या ब्लो पाइपमध्ये किंवा आत शिरणाऱ्या धुळीच्या थेट माऱ्यात शोधावा.